गाढवावरची कोंबडी

"एक काम कराल का... माझ्यासाठी एक रेघ ओढाल?"

दुकानातल्या टॅबशेजारचं पेन ठिपकीनं नुकतंच उचललं होतं. पेन वायरनं टेबलाला बांधलेलं, आणि वायर इतकी आखूड की काही काढायचं तर माणसाला ओणवं व्हावं लागे. अशा ओणव्या अवस्थेत कुणा अनोळखी माणसानं आपल्याकडे काही मागावं हे तिला मुळीच आवडलं नाही. तिनं मान वर केली. समोर एक उंच तरुण उभा होता. बाहेर भुरभुर चालू होती, ती त्याच्या केसांवर आणि चष्म्यावर बारीक थेंबांनी बसली होती.

"तुमची तुम्हीच ओढा की," ती म्हणाली. "मी थांबते."

"स्वतः ओढली की कळत नाही. पेन पुढे जातं आणि रेघ मागे रेंगाळते का... ते बाजूनं बघितलं की नीट दिसतं."

कारण पटण्यासारखं होतं. तिनं काचेवर एक लांब, नागमोडी रेघ ओढली. तो वाकून बघत राहिला. इतका वेळ, की तिला वाटलं रेघेत काही चुकलं.

"शेवटी उचलता तुम्ही," तो म्हणाला.

"काय?"

"पेन. रेघ संपायच्या जरा आधीच हात हलका करता. बोलता बोलता वाक्य अर्धंच सोडावं ना... तसं."

ठिपकीचे कान गरम झाले. तिच्या डोळ्यांबद्दल आजवर एकदोघं बोलले होते, केसांबद्दल मावशी बोलायची, पण रेघेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि रेघ तर तिच्या पोटापाण्याचा धंदा. साबण, बिस्किटं, टूथपेस्ट यांच्या खोक्यांवरची चित्रं आणि अक्षरं ती करायची. ठिपकी हे घरातलं नाव, हनुवटीवरच्या तिळामुळे पडलेलं. ते ऑफिसातही कसं पोचलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण आईवर सगळ्यांचा संशय होता.

संगणकाला जोडून चित्रं काढायची तिची जुनी पाटी त्याच आठवड्यात बंद पडली होती. पाटीला पडदा नव्हता. हात टेबलावर आणि नजर संगणकावर, असा तो आंधळा कारभार. आता तिला थेट काचेवर काढता येईल असा टॅब हवा होता. शिवाय तो गिऱ्हाईकाकडे काखेत मारून नेता यावा, घरी त्यावर वाचता यावं, बिलं भरता यावीत, आणि आईला तिच्या बहिणीशी तोंड दिसेल असं बोलता यावं. एकाच वस्तूकडून इतक्या अपेक्षा म्हणजे माणसं लग्नात करतात तशाच झाल्या.

हे शेवटचं वाक्य दुकानाच्या मालकीणबाईंचं. त्यांना सगळे काकू म्हणत. काकूंचं स्वतःचं असं एक धोरण होतं. "टॅब म्हणजे चप्पल आहे," त्या म्हणत. "दुकानात चार पावलं टाकून ती चावते का ते कळत नाही. घरी न्या, वापरा, नाही जमली तर परत आणा." त्यासाठी त्यांनी प्रत्येक जातीचा एक टॅब राखून ठेवलेला असे. घोळ एवढाच झाला, की ठिपकीनं जो मागितला तोच त्या चष्मेवाल्यालाही हवा होता.

"मग आळीपाळीनं न्या," काकू म्हणाल्या. "भांडू नका. लहान आहात का?"

"मी भांडतच नाहीये," तो म्हणाला, आणि ठिपकीकडे बघून हसला. "आधी यांना द्या."

घरी आल्यावर ठिपकीनं टॅब दिवसभर सगळ्या बाजूंनी तपासला. काच फार गुळगुळीत होती, पेन ओल्या फरशीवर घसरल्यासारखं जायचं. पण रेघ अगदी पेनाच्या टोकाखालून निघायची, तळहात टेकला तरी टॅब गोंधळायचा नाही, आणि रंग छापून येतात तसेच दिसायचे. आईची तपासणी वेगळी होती. ती टॅब घेऊन आडवी झाली, डोक्यावर धरला, आणि म्हणाली, "हलका आहे. नाकावर पडला तरी चालेल."

मग टॅब त्याच्याकडे गेला, आणि परत तिच्याकडे आला तेव्हा त्यात एक गाढव होतं.

चित्रं काढायच्या जागी तिनं सहज डोकावलं, तर एक नदी, एक लाकडी पूल, आणि पुलाच्या अलीकडच्या टोकाला चारही पाय रोवून उभं असलेलं गाढव. पुढे जायचं नाही म्हणजे नाही, हा निश्चय त्याच्या कानांच्या टोकापर्यंत दिसत होता. रेघ ठाम होती, कुठं अडखळलेली नाही, पुन्हा गिरवलेली नाही. ठिपकी ते गाढव जेवताना बघत राहिली, जेवून झाल्यावर बघत राहिली, आणि आईनं "कुठलं स्थळ बघतेयस एवढं?" विचारल्यावर तिनं घाईघाईनं टॅब पालथा घातला. गाढव बघतेय हे सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, तेच म्हणते मी.

पुढच्या अदलाबदलीला दोघं दुकानाबाहेरच्या बाकावर चहाचे पेले घेऊन बसले. तो लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायचा. एका हट्टी गाढवाचं पुस्तक येणार होतं, त्याचं काम कुणाला द्यायचं ते ठरायचं होतं. संपादकबाईंनी नमुन्याला एकच चित्र मागितलं होतं, पण पूर्ण.

"गाढव छान आहे," ती म्हणाली.

"बघितलंत?" तो एकदम संकोचला. उजवा हात स्वेटरच्या खिशात घालून, मान जरा तिरकी करून बोलायची त्याची ढब होती. "म्हणजे... बघायला हरकत नाही. तुमचं बिस्किटाचं खोकं मीही बघितलं."

"आणि?"

"भूक लागली."

ती हसली. त्या दिवशी घरी जाताना तिला छत्री उघडायची आठवण राहिली नाही. आईनं विचारलं, "छत्री मोडली का?" तर ती म्हणाली, "नाही, कोरडी आहे." आईनं तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि टॉवेल दिला.

इथपर्यंत सगळं गोड चाललं होतं. बिघडवलं ते कोंबडीनं.

टॅब पुन्हा तिच्याकडे आला. तिनं चप्पल काढायच्या आधीच गाढव उघडलं, आणि गाढवाच्या पाठीवर एक कोंबडी बसली होती. पिसं विस्कटलेली, एक डोळा मिटलेला, गाढवाच्या हट्टाचं जिला काडीचं सोयरसुतक नाही अशी निवांत कोंबडी. चित्र एकदम जिवंत झालं होतं. कुणीही हसलं असतं. ठिपकी हसली नाही, कारण तिला दिसलं की ही कोंबडी त्याची नव्हे.

रेघेवर जगणाऱ्या माणसाला रेघ ओळखू येते, जशी आपल्याला फोनवर आवाजावरून माणसं ओळखू येतात. गाढवाची रेघ ठाम आणि जाड. कोंबडीची रेघ हलकी, थरथरती, लाडिक. गाढवाच्या अंगावरच्या छटा एका बाजूला झुकलेल्या, कोंबडीच्या पिसांवरच्या बरोबर उलट्या बाजूला. म्हणजे काढणारी व्यक्ती डावखुरी. तिनं थर उघडून बघितले. अशा टॅबवर चित्र पारदर्शक कागदांसारख्या थरांत काढतात, एकावर एक. गाढव एका थरात होतं, कोंबडी दुसऱ्या. म्हणजे त्यानं गाढव काढलं, आणि टॅब प्रेमानं कुणापुढे तरी सरकवून म्हटलं, घे, आता तू काढ. आणि ती खुशाल त्याच्या गाढवावर चढून बसली.

व्यक्ती बाईच आहे, हे कशावरून? याला पुरावा नव्हता. मत्सराला पुरावा लागतोच असं नाही.

आणि खरं सांगायचं तर दुखणं दुहेरी होतं. त्याच्या आयुष्यात दुसरी कुणी आहे, हे एक. आणि ती दुसरी आपल्यापेक्षा सुरेख काढते, हे दुसरं. तशी सैल, बेफिकीर रेघ ठिपकीला जन्मात जमली नसती. तिनं दार लावून चारदोन कोंबड्या काढून बघितल्या. सगळ्या बिस्किटाच्या खोक्यावरच्या वाटत होत्या. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि कोंबडीवरून होतोय याची लाज वाटून आणखी झाला.

आता डावखुरी शोधणं आलं. फार लांब जावं लागलं नाही. काकूंची पुतणी दुकानात बिलं करायला बसायची, आणि ती डाव्या हातानं लिहायची. हे ठिपकीनं इतके दिवस पाहिलं होतं, पण आता ते तिच्या नजरेत असं भरलं की दुसरं काही दिसेना. पुतणी गोरीगोमटी होती. पुतणी हसरी होती. पुतणी त्याला "या, चित्रकार," म्हणायची, आणि टॅबची पिशवी देताना काहीतरी पुटपुटायची, त्यावर तो हसायचा. ठिपकीला ती "सही इथे करा," एवढंच म्हणायची.

"कोंबडी सुरेख आहे," पुढच्या भेटीत ती बाकावर बसता बसता म्हणाली. आवाज अगदी सरळ ठेवला होता. त्यासाठी घरी सराव केला होता.

त्याचा चेहरा असा उजळला की तिला तिथंच उठून जावंसं वाटलं. "खरंच? तुम्हाला आवडली? मला भीती होती... म्हणजे गाढवाशेजारी ती कच्ची वाटेल अशी."

"छे. उलट गाढवच तिच्यापुढे जरा..."

"जरा काय?"

"काही नाही. जोडी छान आहे."

कुणी काढली, एवढं विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं आणि ही गोष्टही इथंच संपली असती. पण ठिपकीला उत्तर नको होतं. तिच्या मते ते तिला माहीत होतं.

तो जायला उठला, पुन्हा बसला. "चित्र झालंय. पण मी झालेलं चित्र एक दिवस न बघता ठेवतो, मग काय चुकलंय ते दिसतं. उद्या संध्याकाळपर्यंत पाठवायचं आहे. दुपारी टॅब घेतो तुमच्याकडून आणि इथूनच पाठवतो. तोवर... जपाल ना?"

"जपेन की," ठिपकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बिस्किटाच्या कामाला बसली, आणि तिच्या हातांनी गाढव उघडलं. तिनं कोंबडीकडे बघितलं. कोंबडीनं एका डोळ्यानं तिच्याकडे बघितलं.

ही नसती तर कसं दिसलं असतं? एवढंच बघायचं होतं. थर नुसता लपवताही येतो, ते बटण तिला झोपेतही सापडलं असतं. पण बोट गेलं ते पुसायच्या बटणावर, आणि ते चुकून गेलं असं म्हणायची सोय नाही. कोंबडी गेली. गाढव एकटं उरलं, तिचं पहिलंवहिलं गाढव. परत आणायला काय, दोन बोटं काचेवर टेकवली की झालं. तिनं दोन बोटं वर उचललीही. पण म्हटलं, क्षणभर बघू दे. क्षणभर तरी त्या बयेशिवाय बघू दे.

"ठिपके, दे इकडे लवकर, मावशीचा फोन येतोय," असं म्हणत आई स्वयंपाकघरातून आली आणि टॅब उचलून घेऊन गेली.

"आई, थांब, अगं एक मिनिट..."

"मिनिट कसलं? तिनं एका मुलाचा फोटो पाठवलाय, तो बघायचाय. तू काही बघणार नाहीस, मला तरी बघू दे."

आईनं टॅबवर भराभर बोटं फिरवली, चालू असलेलं सगळं बंद केलं, मग मावशी दिसली, मग गाडीला टेकून उभा असलेला एक सूटवाला दिसला, आणि त्याच्या नोकरीबद्दल दोघी बहिणींचं सविस्तर बोलणं झालं. टॅब हातात परत आला तेव्हा ठिपकीनं गाढव उघडून काचेवर दोन बोटं टेकवली. काही झालं नाही. पुन्हा टेकवली. एकदा बंद झालेलं चित्र मागचं काहीच लक्षात ठेवत नाही, हे तिला चांगलं माहीत होतं. तरी ती टेकवत राहिली.

मग तिला रडू आलं. कोंबडीसाठी नव्हे. त्याचं काम जाणार होतं, आणि तो आपलं तोंडही बघणार नव्हता, आणि ते बरोबरच होतं.

दुपारी ती दुकानात पोचली तर तो आधीच येऊन थांबला होता. काकू आतल्या बाजूला खोकी लावत होत्या, पुतणी बिलाच्या टेबलाशी होती. ठिपकीनं टॅब त्याच्यापुढे ठेवला आणि एका दमात बोलून टाकलं.

"मी तिची कोंबडी पुसली. मुद्दाम. म्हणजे परत आणणार होते, पण तेवढ्यात आईनं टॅब नेला. माझ्याकडे काही सबब नाही. तिची मी आत्ता माफी मागते. ती इथंच आहे."

"कोण?" तो म्हणाला. तो टॅब उघडून एकट्या गाढवाकडे बघत होता.

"ह्या," ठिपकीनं पुतणीकडे हात केला.

पुतणीनं लिहिता लिहिता वर बघितलं. "मी? मला साधा आंबा काढता येत नाही हो. शाळेत मी ग्लासातलं पाणी सांडायच्या कामावर होते."

"मग कुणाची...?"

त्यानं टॅब बाजूला सरकवला. मग त्यानं खिशातून उजवा हात काढला. मनगटापासून अर्ध्या तळव्यापर्यंत घट्ट पट्टा होता. "नस दबलीये," तो म्हणाला. "दहा मिनिटं काढलं की बोटं बधिर होतात. गाढव एवढं ह्यानं काढलं, रोज सकाळी थोडं थोडं करत, सात दिवसांत. कोंबडी डाव्यानं." त्यानं डावा हात टेबलावर ठेवला, जणू ओळख करून देतोय. "हा नवशिका आहे. लोकांसमोर काढायची लाज वाटते, म्हणून त्या दिवशी तुम्हाला रेघ ओढायला लावली. प्रत घेऊन ठेवायला हवी होती, ती माझी चूक. बाकीची तुमची."

ठिपकीला खुर्ची हवी होती. पुतणीनं न सांगता सरकवली.

"रागावलात?"

"हो," तो म्हणाला. "रागावलोय. थोडा वेळ बोलू नका."

तो खिडकीजवळच्या टेबलाशी बसला आणि डाव्या हातात पेन घेतलं. संपादकबाईंचं ऑफिस सुटायच्या आत कोंबडी व्हायला हवी होती. ठिपकी शेजारी बसली. त्यानं जा म्हटलं नाही, हाच तिला मोठा आधार वाटला. बाहेर पाऊस जरा वाढला होता, काचेवरून पाण्याच्या धारा उतरत होत्या. तो शाळकरी पोरासारखा जिभेचं टोक दातांत धरून काढत होता. चोच काढली, पुसली. पुन्हा काढली, पुसली. डावा हात थरथरत होता, आणि त्या थरथरण्यातूनच ती सैल, बेफिकीर रेघ उतरत होती. तिनं रात्रंदिवस जिचा हेवा केला, ती मुलगी आता तिच्यासमोर पेन धरून बसली होती, आणि तिला पाच बोटं होती. ठिपकीला हसू आलं, आणि त्याच वेळी तो हात फार आवडलाही.

"बोलू का?" तिनं विचारलं.

"बोला. राग बराचसा कोंबडीत गेलाय."

"मला तिचा मत्सर वाटला."

"का?"

"तुमच्या गाढवावर बसली होती म्हणून."

त्याचं पेन थांबलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण नजर चित्रावरच होती. "तुम्हाला बसायचं होतं?"

"कोंबडी काढा, उशीर होतोय."

त्यानं मानेवरची पिसं काढली. पुसलेली कोंबडी निवांत होती, ही फिस्कारलेली होती. मान ताठ, पिसं उभी, दोन्ही डोळे उघडे आणि रागानं थेट बघणाऱ्यावर रोखलेले. "कुणावर गेलीये कळलं का?" त्यानं विचारलं.

"मुळीच नाही."

"नाक बघा जरा."

"कोंबडीला नाक नसतं."

"म्हणून तर. तरीसुद्धा आलंय." मग जरा थांबून, पेनाचं टोक उगाच तपासत तो म्हणाला, "आणि तो... गाडीवाला?"

"कोण गाडीवाला?"

"सूट घातलेला. टॅब उघडल्या उघडल्या तोच दिसला. गाडीला टेकून."

"तो मावशीचा."

"मावशीचा म्हणजे?"

"मावशीनं शोधलेला. तिलाच ठेवून घे म्हणून सांगणार आहे."

त्यानं नुसती मान डोलावली. पण पुढची दोन पिसं त्यानं भलतीच मोठी काढली. चित्र वेळेत गेलं. काकूंनी दोघांपुढे चहाचे पेले ठेवले आणि विचारलं, "आता टॅब घेणार कोण ते सांगाल का मला? का तो आता तुमचाच झाला?"

उत्तर यायला काही दिवस गेले. त्या काळात ठिपकीनं आपल्यापुरता निर्णय घेऊन टाकला. तो टॅब त्याला बरा होता. हलका, आणि बटणं अशी की कुठल्याही हातानं धरावा. तिला खोकी उलगडून काढायची तर मोठा पडदा हवा होता. तिनं जड, मोठा टॅब निवडला, त्यावर कागदासारखी खरखरीत काच बसवून घेतली, आणि आईसाठी त्यात वेगळं दार केलं, वेगळ्या परवलीच्या शब्दाचं, म्हणजे आई आईच्या घरात आणि चित्रं चित्रांच्या. आई म्हणाली, "आमच्यापासून लपवायला लागलीस." ठिपकी म्हणाली, "हो."

ती टॅब घ्यायला दुकानात आली, आणि तो दारातून आत आला. त्याचा चेहरा उतरलेला होता. ती पुढे झाली.

"नाही म्हणाल्या?"

"हो म्हणाल्या. सगळं पुस्तक दिलं."

"मग?"

तो तिच्या शेजारी खिडकीपाशी बसला. "कोंबडी त्यांना इतकी आवडली... म्हणाल्या, गाढव तिच्यापुढे निर्जीव वाटतं. सगळं पुस्तक कोंबडीच्या हातानं काढा. गाढवसुद्धा. पुन्हा पहिल्यापासून." त्यानं पट्ट्यातली बोटं उघडली, मिटली. "लहानपणापासून ह्याला शिकवलं. ह्याच्यानं जेवलो. डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांत बरा होईल. बरा होऊन करायचं काय त्यानं? परवा आलेल्या त्या नवशिक्यानं... हसू नका, पण मला माझ्याच हाताचा मत्सर वाटतोय."

ठिपकी हसली नाही. साऱ्या जगात ही एक गोष्ट तिच्याइतकी कुणाला कळली नसती. त्या रेघेनं माणसाच्या जिवाला काय होतं, ते तिनं सोसलेलं होतं. आणि जिला सगळे आता नको म्हणत होते ती ठाम, जाड रेघ तर तिला सगळ्यांत आधी आवडली होती, कोंबडी जन्मायच्याही आधी.

तिनं त्याचा उजवा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला. पट्ट्याच्या बाहेर आलेली बोटं गार होती. बिलाच्या टेबलाशी पुतणीनं मान खाली घातली आणि जे आधीच लिहून झालं होतं ते पुन्हा लिहायला लागली.

"डावा त्यांना दे," ठिपकी म्हणाली. तिच्या तोंडून 'तुम्ही' गळून पडलं हे दोघांच्याही लक्षात आलं. "पुस्तकं त्याच्याकडून काढून घेऊ देत. हा मला दे."

तो तिच्याकडे बघत राहिला. "ह्याच्याकडून काही काम होत नाही हं."

"काम कुणाला हवंय?" ती म्हणाली. "मला नुसता धरायचाय."